एक की चार

डॉक्टरांनी निवड माझ्यावर सोडली, आणि घोळ तिथेच झाला.

डॉक्टर राजलक्ष्मी मूळच्या तमिळ, पण वाशीत वाढलेल्या, त्यामुळे त्यांचं मराठी आमच्या सोनमपेक्षा स्वच्छ. त्यांनी कॉम्प्युटरवर माझं फुप्फुस उघडून दाखवलं. उजव्या बाजूला, अगदी कडेला, वालाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका होता.

"पावणेदोन सेंटिमीटर," त्या म्हणाल्या. "कॅन्सर आहे, पण अगदी सुरुवातीचा आहे, बायजाबाई. गुडघ्याच्या ऑपरेशनआधी छातीचा एक्स-रे काढला नसता तर इतक्यात कळलंही नसतं."

म्हणजे ज्या गुडघ्याला मी सहा वर्षं शिव्या देत होते, त्यानेच माझ्यावर उपकार केले. आयुष्यात बिडी ओढली नाही, मिश्री लावली नाही. लहानपणी चुलीचा धूर आणि पुढे दमा, एवढंच काय ते छातीचं वैर. त्या दम्यामुळे श्वासाच्या टेस्टमध्ये मी काठावर नापास झाले होते. म्हणून कापाकापी नको, रेडिएशन द्यायचं, इथवर ठरलेलं होतं. राहिलं होतं ते किती वेळा द्यायचं, एवढंच.

"दोन पर्याय आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "एक, सगळा डोस एकाच सिटिंगमध्ये. एकदा यायचं, तासभर टेबलावर पडायचं, संपलं. दुसरा, चार सिटिंग, एक-दोन दिवस मध्ये सोडून. तुमची गाठ लहान आहे आणि फासळ्यांपासून लांब आहे, म्हणून तुम्हाला दोन्ही चालतं. निकाल जवळजवळ सारखेच आहेत. एकामध्ये खेपा वाचतात. चारचा आमचा अनुभव जास्त वर्षांचा आहे. घरी बोला आणि सोमवारी सांगा."

शेजारी सोनम मोबाइलमध्ये सगळं टिपून घेत होती. सोनम माझी सून. महापेला आयटी कंपनीत आहे. माझा एकुलता एक मुलगा अश्विन मस्कतला असतो, त्यामुळे सानपाड्याच्या घरात आम्ही दोघीच, आणि हॉस्पिटलच्या खेपाही तिच्याच वाट्याला आलेल्या.

तिने डॉक्टरांना पुढे काहीबाही विचारलं. मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. 'एकच' हा एवढाच शब्द कानात अडकून राहिला होता. एकच लाईट कुणाला देतात, हे आमच्या घराने एकदा पाहिलेलं होतं.

लाईट हा रेडिएशनसाठी माझ्या सासूबाईंचा शब्द. त्यांचं नाव गोजराबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. माणगावकडच्या. त्र्याऐंशी साली लग्न होऊन मी वाशीला आले तेव्हा सिडकोच्या एका खोलीच्या घरात आम्ही तिघं होतो. माझे यजमान किसन महापेच्या केमिकल कंपनीत पाळ्या करायचे. मी बेलापूरच्या सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून. घरात राज्य आत्याबाईंचं.

पहिली सहा वर्षं आमच्या दोघींमधून विस्तव जात नव्हता. सुकटीत मीठ जास्त झालं म्हणून भांडण, कमी झालं म्हणून भांडण. आणि सगळ्यात मोठं कारण, पाळणा हलत नव्हता. नळावर बायका जमल्या की आत्याबाई मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, "आमची सून कचेरीत कागद जलमाला घालती." मी बादली आपटून घरात यायची.

एकोणनव्वद साली त्यांच्या छातीत गाठ निघाली. परळच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं आणि वर पंचवीस लाईटी सांगितल्या. शनिवार-रविवार सोडून रोज, पाच आठवडे. किसनला पाळी बदलून मिळेना. शेवटी मी अर्धपगारी रजा टाकली, आणि मनात म्हटलं, आता पंचवीस दिवस ही बाई आणि मी. भीक नको पण कुत्रा आवर.

वाशीहून दादरची बस, तिथून परळ. खिडकी आत्याबाईंची, त्याबद्दल चर्चा नाही. पहिला आठवडा खाडीच्या पुलावर बस आली की त्या पदर नाकाला लावून डोळे मिटायच्या आणि पूल संपेपर्यंत चकार शब्द काढायच्या नाहीत. एवढं पाणी खाली आहे हे त्यांना खपत नव्हतं. पूल संपला की पदर खाली आणि बोलणं सुरू. दुसऱ्या आठवड्यात त्या पुलावरही बोलायला लागल्या. त्या माझ्याशी मोकळ्या होतायत, ही खूण मी ओळखली, पण दाखवलं नाही.

त्यांच्या छातीवर जांभळ्या शाईने रेघा ओढलेल्या होत्या. लाईट कुठे पडायची त्याच्या. तिथे पाणी लावायचं नाही अशी ताकीद. मी पाठ चोळून द्यायची तेव्हा आत्याबाई रेघांकडे बघून म्हणायच्या, "सातबाऱ्याला आमचं नाव कदी लागलं न्हाय, पन सरकारनं नकाशा माज्याच अंगावर काडलाय बग." आणि स्वतःच हसायच्या. त्यांना हसताना मी सहा वर्षांत तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

लाईट घेऊन झाली की हॉस्पिटलासमोरच्या बदामाच्या झाडाखाली बाकावर बसून आम्ही जेवायचो. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. वासाने शेजारची माणसं सरकून बसायची. आत्याबाई त्यांच्याच पुढे भाकरी करायच्या, "घ्या की वाईच." एकदा एका गुजराती म्हाताऱ्याने बिचाऱ्याने घाबरून दोन्ही हात जोडले.

त्या बाकावर मला माझ्या सासूची ओळख झाली. छप्पन सालच्या धर्मांतरात त्यांच्या सासऱ्याने देव्हारा उचलून नदीत सोडला, तेव्हा देव रागावून परत येतील म्हणून त्या आठ दिवस दाराला आतून पाटा लावून बसायच्या. "आलं न्हाईत," त्या म्हणाल्या, "मग माजी भीड चेपली." आणि बाराव्या की तेराव्या दिवशी, भाकरीचा तुकडा मोडता मोडता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बायजे, मी तुला लई बोलले. किसन मला नवव्या वर्साला झाला. तवा माजी सासू मला जे बोलायची, तेच मी तुला बोलले. दुसरं तोंडात येतच न्हाय बग."

मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी घेतली. आमची दिलजमाई एवढ्यावर झाली.

पंचविसावी लाईट झाली त्या दिवशी दादरच्या बसस्टॉपवर त्या पिशवी पोटाशी धरून उभ्या होत्या. चेहरा पडलेला. मी विचारलं, दुखतंय का? तर म्हणाल्या, "न्हाय गं. आता उद्या कुटं जायाचं?"

मी तेव्हा हसले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर त्यांनी सवयीने चार भाकऱ्या फडक्यात बांधून ठेवलेल्या. त्या आम्ही घरातच, खिडकीपाशी बसून खाल्ल्या.

दोन वर्षांनी त्यांच्या खुब्यात दुखायला लागलं. आजार हाडात उतरला होता. मी तेव्हा सातव्या महिन्यात होते, लग्नानंतर आठ वर्षांनी. या वेळी किसन त्यांना परळला घेऊन गेले आणि संध्याकाळी परत आले. मी पुढच्या तारखा विचारल्या. किसन बूट काढत म्हणाले, "झालं. एकच लाईट दिली. परत बोलावलं नाही."

अश्विन दोन महिन्यांचा होता तेव्हा आत्याबाई गेल्या. त्याला मांडीवर घेऊन बसायच्या, तेवढं सुख त्यांना मिळालं.

आधी पंचवीस देणाऱ्यांनी नंतर एकच देऊन बोळवण केली, हे माझ्या मनातून कधी गेलं नाही. गरीब म्हातारी, एका खोलीतली, नाव गोजरा. तिच्यावर कोण दहा-वीस लाईटी खर्च करणार? एकच लाईट म्हणजे घरी न्या आणि वाट बघा. हा राग मी चौतीस वर्षं सांभाळला. किसन गेले, त्यालाही आता पाच वर्षं झाली, पण राग जागच्या जागी होता.

आणि आता तीच 'एक' माझ्यासमोर ठेवलेली. तीही गोड हसून.

शनिवारी सकाळी सोनम बाल्कनीत फोनवर होती. मी कपडे वाळत घालायला म्हणून गेले तर कानावर पडलं, "मॅडम, एकातच होऊन जाईल ना? मग एकच करूया. चार नको." पुढचं ऐकायला मी थांबले नाही. कपड्यांची बादली तशीच ठेवली आणि आत येऊन बसले. माझ्या डोक्यात सगळा हिशोब लागला. डॉक्टरांनी हिला खरं सांगितलंय. आणि ही मस्कतला अश्विनशी बोलून मोकळी झालीय. मला ताकास तूर लागू देत नाहीत.

मग मी माझं ठेवणीतलं शस्त्र काढलं. बोलणंच बंद केलं.

"आई, काय झालं? चहा पण नाय घेतला तुमी," सोनम दुपारी म्हणाली.

"मला कशाला विचारतेस? तुमचं ठरलंय ना सगळं."

"काय ठरलंय? उगाच टेन्शन नका घेऊ ना, प्लीज."

"मला कसलं टेन्शन? मी काय, एका लाईटीची बाई."

तिला अर्थातच काही कळलं नाही. ती लॅपटॉप घेऊन आत गेली. मला वाटलं, बरी जिरवली. पाच मिनिटांनी वाटलं, हे आत्याबाई बोलल्या माझ्या तोंडून. तरी मी उठले नाही. एकदा चढलेला राग उतरवायला मला जिना सापडत नाही, हा माझा जुना दोष आहे.

रविवारी मी पलंगाच्या कप्प्यातून आत्याबाईंची फाईल काढली. ती मी टाकलेली नव्हती. एकेचाळीस पानं, प्रत्येकाच्या कोपऱ्यात माझ्या हाताने लाल शाईत नंबर, वर तारीखवार अनुक्रमणिका. मी पस्तीस वर्षं आवक-जावक सांभाळली. पत्र आलं की नंबर टाकायचा, तारीख टाकायची, कुणाकडून आलं ते लिहायचं आणि पुढे पाठवायचं. आत काय लिहिलंय ते वाचणं आवक कारकुनाचं काम नाही, हे मला पहिल्याच दिवशी साहेबांनी सांगितलं होतं आणि मी ते धर्मासारखं पाळलं. आत्याबाईंच्या फाईलचंही तसंच. कुठल्या पानावर कुठली तारीख ते मी झोपेतही सांगितलं असतं. पानावर काय लिहिलंय ते डॉक्टरांचं इंग्रजी, डॉक्टरांचं अक्षर. त्यात मी कधी डोकावले नव्हते.

सोमवारी ती फाईल मी डॉक्टर राजलक्ष्मींच्या टेबलावर ठेवली.

"मॅडम, मला एकच लाईट द्यायची असेल तर द्या. पण खरं सांगून द्या. लपवाछपवी नको."

"लपवाछपवी?" त्या गोंधळल्या.

मी बोलत सुटले. परळ, पंचवीस, एक, सगळं. बोलता बोलता आवाज चढला, मग फुटला. सोनमचा हात माझ्या पाठीवर आला, तो मी झटकला. डॉक्टरांनी मला अडवलं नाही. माझं संपलं तेव्हा त्यांनी फाईल उघडली आणि शांतपणे एकेक पान बघायला लागल्या.

"बायजाबाई," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "तुमच्या सासूबाईंच्या पंचवीस सिटिंग आजार परत येऊ नये म्हणून होत्या. ही शेवटची एक आहे ना, ती हाडातलं दुखणं थांबवायला होती. हाडाच्या दुखण्याला एक सिटिंग पुरते, आम्ही आजही देतो. जास्त दिल्या असत्या तरी त्या जास्त जगल्या असत्या असं नाही. यात कुणी त्यांची बोळवण केली नाही. दुखणं थांबलं होतं का त्यांचं?"

मी आठवलं. थांबलं होतं. शेवटचे दोन महिने त्या मांडी घालून बसायच्या, म्हणून तर अश्विन मांडीवर होता. ही दोन्ही टोकं मी कधी एकमेकांना जोडलीच नव्हती.

"तुमची एक वेगळी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "ती गाठ संपवायला आहे. त्यांच्या एकाच्या चौपटीहून मोठा डोस आहे तो. मी काही लपवत नाहीये. खरंच निवड आहे."

डॉक्टर फाईल मिटायला गेल्या आणि मध्येच थांबल्या. "हे पान सदतीस तुम्ही वाचलंय?"

"नाही. मी कुठलंच वाचलेलं नाही."

त्यांनी फाईल आमच्याकडे फिरवली. मला ते कोंबडीचे पाय काही लागेनात. सोनम वाकली, आणि मोबाइलवर रोज शंभर गोष्टी वाचणारी माझी सून एकेक शब्द लावत वाचायला लागली. इंग्रजीतून मराठीत आणत, अडखळत.

"दहा सिटिंग... देऊ केल्या. पेशंटला एकच पायजे. सून सात महिन्यांची प्रेग्नंट, लग्नाला आठ वर्षं. पेशंट म्हणते, मी दहा दिवस आले तर सून... सून ऐकणार नाही, बरोबर येईल. बसने. मुलाने समजावलं. पेशंट ठाम. सुनेला... सुनेला सांगू नका म्हणते."

वाचता वाचता सोनमचा आवाज बारीक झाला. खाली सही आणि तारीख होती. तारीख मला पाठ होती.

मी रडले. लाज सोडून रडले. आणि रडता रडताच मला आत्याबाईंचा असा राग आला की काय सांगू. मला कुणी विचारलं होतं का? मी गेले असते. दहा काय, वीस वेळा गेले असते, पोटावर हात धरून खिडकी त्यांना देऊन गेले असते. डॉक्टरांनी येऊ दिलं नसतं तर दारात भांडले असते. ते दहा दिवस माझे होते आणि त्यांनी परस्पर देऊन टाकले. आणि किसन! त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं एका ताटात जेवलो, पण आईला दिलेला शब्द त्या माणसाने मोडला नाही. मी हॉस्पिटलला शिव्या घालायचे आणि ते गुपचूप वरण ओढायचे.

"बाहेर बसा थोडा वेळ," डॉक्टर म्हणाल्या. "घाई नाही."

बाहेर लिफ्टजवळच्या खुर्च्यांवर आम्ही बसलो. सोनमने नाक पुसलं. मीही पुसलं. मग मी विचारलं, "शनिवारी फोनवर तू डॉक्टरांना एकच करा म्हणालीस. का?"

ती दचकली. "ऐकलंत तुमी? मग पुढचं पण ऐकायचं ना! गाडीत चढता-उतरताना तुमचा गुडघा किती दुखतो, मी बघते ना आई. हॉस्पिटलचा वास आला की तुमी रुमाल लावून बसता. मला वाटलं, चार वेळा कशाला हाल. एकातच सुटतील."

"मला विचारलंस?"

"नाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तुमी पण कुठे विचारलं? डायरेक्ट बोलणं बंद केलं."

बरोबर होतं तिचं. या घराची ही खोडच आहे. एकमेकींना जपायचं, आणि त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. मग जिला जपलं ती जन्मभर भलत्यावर रागावून बसते.

"मी आता विचारते," मी म्हटलं. "खरं सांग, मला बरं वाटावं म्हणून नको. तुला किती दिवस जमतील?"

सोनमने मोबाइल काढला, कॅलेंडर बघितलं. खरंच बघितलं, हे मला आवडलं. "मंगळवारी नाय जमणार, क्लायंटचा कॉल असतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार, परत सोमवार. चार जमतात. दुपारनंतर घरून काम करेन. जमतात आई, शप्पथ." मग तिने मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. "आता तुमी सांगा. तुमाला किती पायजेत?"

तिच्या पिढीला हा प्रश्न साधा वाटत असेल. मला चौसष्ट वर्षांत असा कुणी विचारला नव्हता.

"चार," मी म्हणाले. "आजाराला एक पुरते, हे आता कळलं. त्या एकाची भीती गेली माझी. तरी मला चार हव्यात. मला तुझ्याबरोबर चार वेळा यायचंय."

"काय आई तुमी पण," म्हणून ती हसली आणि पुन्हा रडायला लागली.

आत जाऊन मी डॉक्टरांना चार सांगितल्या. त्यांनी फॉर्म भरला. मी म्हटलं, "मॅडम, कारणही लिहा. सुनेला विचारून ठरवलं, असं लिहा. पुढे कुणी वाचलं तर घोळ नको." डॉक्टर हसल्या, पण त्यांनी लिहिलं. मी चष्मा लावून वाचून घेतलं.

आता जांभळी शाई नसते. सुईने टोचून तीन निळ्या टिकल्या दिल्या, माझा नकाशा तेवढ्यात आटोपला. मशीन भोवती फिरतं आणि आतून आवाज येतो, श्वास घ्या, धरून ठेवा. दम्याच्या बाईला श्वास धरायला सांगतात, हाही विनोदच. पण आठवडाभर सोनमने घरी मोबाइलवर सेकंद लावून माझी तयारी करून घेतली होती. मी बावीसपर्यंत धरायचे.

सानपाड्याहून पाम बीच रोडने नेरूळचं हॉस्पिटल म्हणजे काही अंतर नाही. पण जाताना मी तिला आत्याबाई सांगायचे आणि येताना ती मला काहीबाही सांगायची. दुसऱ्या सिटिंगहून येताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती समोर बघत म्हणाली, "माझी मम्मी आजारी होती ना, तेव्हा मला हॉस्पिटलला कुणी नेलंच नाय. बारावी होती माझी. सगळे म्हणाले, तिला टेन्शन नको. ती गेल्यावर डायरेक्ट घरीच आणलं तिला." सिग्नल सुटला तरी तिने गाडी हलवली नाही. मागचे हॉर्न मारायला लागले. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, "चल, हळू घे." तिच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती, आणि हे मला ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या सिटिंगला तिने स्वतः भाकरी केली. पोळपाटाएवढी जाड, कडेला चिरलेली. सोबत सुकटीची चटणी, मी सांगून केलेली. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये डबा उघडला आणि शेजारच्या टेबलावरचं जोडपं उठून लांब गेलं. सोनम त्यांच्याकडे वळून म्हणाली, "घ्या ना थोडी." मला ठसका लागेस्तोवर हसू आलं.

चौथी सिटिंग सोमवारी झाली. टेक्निशियन मुलीने टाळ्या वाजवल्या. डॉक्टर राजलक्ष्मी म्हणाल्या, तीन महिन्यांनी स्कॅन, त्याआधी काही सांगता येणार नाही, पण मला चांगली आशा आहे. मी म्हटलं, मलाही आहे. खोटं नव्हतं ते.

खाली पार्किंगमध्ये आलो. सोनमने माझा गुडघा सांभाळून मला बसवलं, पट्टा लावला, स्वतः येऊन बसली. किल्ली फिरवली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तशीच बसून राहिली.

"काय झालं गं?"

"काय नाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, आता बुधवारी कुठे जायचं?"

आत्याबाईंचं सगळं मी तिला सांगितलं होतं. नळ, पूल, शाई, पाटा. दादरच्या बसस्टॉपवरचं ते एक वाक्य तेवढं सांगितलं नव्हतं. ते मी माझ्यापुरतं ठेवलं होतं.

मी पट्टा जरा सैल केला आणि तिच्याकडे वळले.

"परळला," मी म्हणाले. "ते बदामाचं झाड आहे का बघून येऊ. भाकऱ्या मी करते, तू नको करूस. आणि बसने जायचं, खिडकी माझी."